गाव कायम स्लो मोशनमध्येच का?

परवा एका चर्चेला जाऊन आलो आणि डोकं अजून भणभणतंय. विषय होता व्हिडिओ आर्टमधलं, म्हणजे गॅलरीत पडद्यावर चालणाऱ्या व्हिडिओ-कलेतलं, शहर आणि गाव, आणि निमित्त होतं दोन पडद्यांच्या एका कामाचं. दीड तासात सरळ दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे शहरातल्या आर्टिस्ट लोकांनी गावाकडे कॅमेरा घेऊन जाणं बंद करा, तुम्हाला गावातलं काय कळतंय, गाव गावातल्या पोरांना दाखवू द्या. दुसरी पार्टी म्हणे कलेला कसलं आलंय गाव आणि शहर, काम चांगलं की वाईट एवढं बघा ना, प्रत्येक गोष्टीत जन्मगाव काय काढता. आणि गंमत अशी की दीड तासात एकाही माणसाने पडद्यावर नक्की काय दिसत होतं, कॅमेरा कुठे ठेवला होता, किती उंचीवर, कोणाच्या बाजूने, याबद्दल एक वाक्य काढलं नाही. लग्नात जेवणावरून भांडण जुंपलंय आणि ताटात काय वाढलंय ते बघायला कोणी तयार नाही, असा प्रकार.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून वैतागायला नको. दोन्ही पार्ट्या भलतीकडेच खणतायत. शहर आणि गावात फरक आहेच, चांगला दांडगा आहे, पण तो करडं विरुद्ध हिरवं, गोंगाट विरुद्ध शांतता, फास्ट विरुद्ध स्लो असा नाहीये. तो व्यवहारातला फरक आहे. पाणी कुठून कुठे जातं, वीज कुठे तयार होते आणि कुठे जळते, माणूस कुठून उठून कुठे जातो आणि त्याच्या बदल्यात गावाला काय मिळतं. हा व्यवहार ज्या कामात दिसतो ते मी मानतो, मग करणारा पेडर रोडचा असो नाहीतर पेडगावचा. बाकी डाव्या स्क्रीनवर लोकल आणि उजव्या स्क्रीनवर बैल लावणं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरचं चित्र हलायला लागलं, एवढंच.

ज्या कामावरून हे सगळं पेटलं ते मी मामांना सोबत घेऊन बघितलं होतं. मामा माण तालुक्यातले, दहिवडीच्या पुढे गाव, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईत आले होते, पट्टी निघाली तेव्हा म्हटलं चला तुम्हाला काहीतरी दाखवतो. अंधारी खोली, एक बाकडं, दोन मोठे पडदे. (ज्यांनी व्हिडिओ आर्ट बघितलेलं नाही त्यांच्यासाठी: बहुतेक वेळा गोष्ट नसते, लूपवर फिरत राहतं, तुम्ही कधीही आत या आणि कधीही बाहेर जा, कोणी काही बोलत नाही.) डावीकडे दादर स्टेशन, जिने, पाय, हॉर्न, दर दोन सेकंदाला कट. उजवीकडे विहीर, बाभळ, आणि एक म्हातारी सुपात धान्य पाखडतेय, तेही स्लो मोशनमध्ये, कोंडा हवेत तरंगतोय, आवाज फक्त वाऱ्याचा. मामांनी पाच मिनिटं नीट बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ही बाई एवढी हळू का करतीया? आजारी हाय का?"

मला हसू फुटलं, मामा मात्र हसत नव्हते. म्हणाले, हात असा रेंगाळला तर कोंडा उडतच नाय, परत सुपातच पडतुय. आता यात आख्खी कलासमीक्षा आली की नाही? पाखडणं हे फास्ट काम आहे, मनगटाच्या झटक्याचं काम आहे, आणि स्लो मोशनने काय केलं तर त्या बाईच्या हातातलं कसब काढून घेतलं आणि त्या जागी शांती भरली. ऊसतोडीच्या टोळीला मध्यरात्री गाडी भरायला उठवतात ते स्लो असतं का? मालेगावात यंत्रमाग खडखडत असतात ते स्लो असतं का? लासलगावच्या बाजारात कांद्याच्या ट्रॉलीचा भाव बोलता बोलता ठरतो, शेतकऱ्याला धड ऐकूही येत नाही, ते? उलट मुंबईत निम्मं आयुष्य थांबण्यात जातं. पाण्याची वाट बघणे, ओपीडीच्या लाईनीत केसपेपर धरून बसणे, संध्याकाळी सात वाजता हायवेवर एकाच बसस्टॉपकडे अर्धा तास बघत राहणे. मग शहराला दोन सेकंदाचा कट आणि गावाला स्लो मोशन, हे ठरवलं कोणी? जो सुट्टीला गावी जातो त्याने. त्याला गाव त्याच्या सुट्टीच्या स्पीडने दिसतं.

आता पहिल्या पार्टीचं जे खरं आहे ते कबूल करायलाच पाहिजे, आणि ते बरंच आहे. व्हिडिओ आर्ट विकलं जातं तेव्हा एडिशनमध्ये विकलं जातं, मोजक्या कॉप्या, सोबत सर्टिफिकेट. त्या कॉपीची किंमत आणि पडद्यावरच्या म्हातारीच्या हातात पडलेली रक्कम यांची तुलना करायला कोणी बसत नाही, बसलं तर सगळ्यांनाच अवघड होईल. तिला काम कधी दाखवलं जातं का? तिच्या चेहऱ्याचं पुढे काय होणार हे तिला तिच्या भाषेत कोणी सांगितलं का? यावर 'कला ती कला' हे उत्तर नाहीये, ती पळवाट आहे. बाहेरून येणाऱ्याला गावात शिरताना परवानगी लागते, आणि परवानगी म्हणजे नुसती सरपंचाची सही नव्हे.

पण मग गावातल्या पोराच्या हातात कॅमेरा दिला की प्रश्न सुटला का? रील्स उघडा. उसाच्या फडावरून ड्रोन, बैलांची रंगवलेली शिंगं, शर्यतीचा धुरळा, फेटा बांधून चुलीसमोर बसवलेले आजोबा, खाली 'गावाकडची सकाळ'. करणारं पोरगं शंभर टक्के गावातलं. घर आरसीसीचं, दारात बुलेट, आत गॅस, पण कॅमेरा असा फिरवलाय की फ्रेममध्ये शेजाऱ्याची कौलं तेवढी यावीत. त्याला शिव्या घालायच्या नाहीत मला, त्याला नीट माहितीये व्ह्यूज कुठून येतात. पण नजर उसनी असू शकते, आधारकार्डावर पत्ता कुठलाही असला तरी, हे त्यावरून कळतं की नाही?

आणि मराठीत हे भांडण काय पहिल्यांदा होतंय का? रविकिरण मंडळाच्या जमान्यात जानपद गीतांची लाट आली होती, मोट, पाखरं, शेतकऱ्याची भोळीभाबडी राणी. मग सत्तरच्या दशकात ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली, आनंद यादवांसारखे लेखक ठामपणे म्हणायला लागले की खेडं जगलेल्याने लिहावं, आणि ते बरोबरच होतं, मराठीला त्यातून केवढं मिळालं. पण हळूहळू 'ग्रामीण' हा शिक्का झाला. बेरकी सरपंच, इरसाल म्हातारा, एसटीतला गोंधळ, एवढं आलं की झालं ग्रामीण. शहरात टाळी त्यालाच पडायची, त्यामुळे खेड्यातून आलेला लिहिणाराही तेच पुरवायला लागला. सिनेमात तर काय, पाटील, फड, ढोलकी आणि मधे एक सज्जन मास्तर. म्हणजे लिहिणारा बदलला तरी मागणी तीच राहिली, आणि मागणीने लिहिणाऱ्याला वळवून घेतलं.

त्या 'शांत गावा'बद्दल तर आणखी एक गोष्ट. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाच्या या गोडव्यावर सरळ घाव घातला होता, खेडं म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान यांचं घर आहे असंच सांगितलं. हे भाषण माहिती असलेला माणूस महाराष्ट्रात विहिरीवर दहा मिनिटं कॅमेरा लावून 'निवांतपणा' कसा दाखवू शकतो? महाडला १९२७ साली पाण्यासाठीच तर सगळं झालं. आपल्याकडे विहीर ही नुसती वस्तू नाही, कोण कुठल्या बाजूने भरायचं आणि कोणी भरायचंच नाही याचा नकाशा आहे. रिकामी विहीर, वारा, बाभळ. शांतता आहे ती, मान्य, पण कोणाची?

म्हणून मी म्हणतो, आर्टिस्टचं गाव विचारू नका, कॅमेऱ्याची उंची विचारा. हे डोकं माझं नाही. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बायका आहेत, दलित, कोरडवाहू शेती करणाऱ्या, बऱ्याच जणी निरक्षर, त्या व्हिडिओ शिकल्या आणि २००१ साली त्यांनी स्वतःचा मीडिया ट्रस्ट काढला. शिकताना लो अँगल, हाय अँगल ही नावं काय त्यांच्या तोंडात बसेनात, मग त्यांनी आपली नावं ठेवली. वरून खाली बघणारा शॉट म्हणजे पटेल शॉट, कारण गावचा पटेल आपल्याकडे असाच बघतो. खालून वर बघणारा शॉट म्हणजे गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवून घेतलेला शॉट म्हणजे संघम शॉट, कारण संघमच्या, म्हणजे बायकांच्या गटाच्या, बैठकीत सगळ्या जमिनीवर एका पातळीत बसतात. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये वर्षभर शिकवून जे समजत नाही ते तीन शब्दांत. मी हे पहिल्यांदा वाचलं त्यानंतर मला एकही ड्रोन शॉट सुखाने बघता आलेला नाही. गावातलं पोरगं स्वतःच्याच गावावर ड्रोन उडवतं तेव्हा ते कोणाच्या डोळ्याने बघत असतं? पटेलच्या. आपल्याकडे पाटलाच्या म्हणा.

बरं, उंचीवरून घेतलं म्हणजे वाईटच, असंही नाही, नाहीतर मी पण नियमावली काढणाऱ्यातला होईन. मुंबईच्या कॅम्प या स्टुडिओने २०२२ मध्ये केलेलं 'बॉम्बे टिल्ट्स डाऊन' त्याच वर्षी कोचीच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात लागलं होतं. ३५ मजली बिल्डिंगवर बसवलेला सीसीटीव्ही कॅमेरा, सात पडदे, आणि तो कॅमेरा टॉवरच्या टोकापासून सरकत सरकत खाली पत्र्यांपर्यंत, ताडपत्रीपर्यंत येतो. आता यापेक्षा पाटील शॉट दुसरा कुठला असणार? पण ते काम स्वतःच्या उंचीवर पांघरूण घालत नाही, उलट ३५ मजल्यांवरून बघायची सोय कोणाला आहे हाच त्याचा विषय आहे. याच लोकांचं २०१३ चं 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' तर दोन्ही पार्ट्यांच्या हिशेबात बसत नाही. कच्छच्या आखातातून लाकडी जहाजं घेऊन शारजा, सोमालियापर्यंत जाणारे खलाशी, त्यांनी स्वतः मोबाईलवर काढलेले व्हिडिओ, त्यांनीच त्यावर टाकलेली गाणी, आणि ते सगळं मुंबईच्या आर्टिस्टनी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं राहून जोडलेलं. सांगा आता, हे गावाचं काम की शहराचं?

दुसऱ्या पार्टीकडे वळतो. त्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे, की एखादी पद्धत स्वतःहून वाईट नसते. दोन पडदे शेजारी लावणं हाच गुन्हा असता तर चित्रकार नलिनी मलानींच्या 'युटोपिया'लाही नाव ठेवावं लागेल. ते १९६९ ते ७६ मधलं, व्हिडिओ नव्हे, फिल्मवरचं काम, एका बाजूला स्वप्नातल्या आधुनिक घरांचं रंगीत मॉडेल आणि दुसऱ्या बाजूला खऱ्या मुंबईकडे बघत उभी असलेली बाई. तिथे दोन पडद्यांमध्ये एक मोडलेलं वचन आहे, म्हणून ते टिकतं. तसंच संथपणाचं. फिल्ममेकर अमर कंवरांच्या 'द सॉव्हरिन फॉरेस्ट' या कामातली फिल्म भयंकर संथ आहे, गवत, पाणी, झाडं, वारा. वर्णन ऐकलं तर वाटेल आलं परत तेच. पण ती ओडिशातली अशी ठिकाणं आहेत जी कारखान्यांसाठी घ्यायची ठरली होती, आणि फिल्मचं नाव आहे 'द सीन ऑफ क्राईम'. झालं. एका नावाने गवताचं पातं पुरावा झालं. पंचनामा करताना माणूस घाई करत नाही, तसा तो संथपणा आहे. सोबत खोलीत भाताच्या २७२ जातींचं बियाणं मांडलेलं असतं. याला निसर्गप्रेम म्हणणाऱ्याने एकदा सातबारा हातात घेऊन बघावा.

पण 'कलेला गाव नसतं' हे त्यापुढचं वाक्य मात्र खोटं आहे, साफ खोटं. मुंबईतल्या अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर चालतो तो कशावर? १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो टाटांच्या धरणाविरुद्ध होता, धरण कशासाठी तर मुंबईला वीज पाहिजे होती. मावळ्यांची भातखाचरं गेली, धरण झालं, ती जलविद्युत आजही मुंबईला येते. आणि त्याच तलावाकाठी आता वीकेंडला रिसॉर्टवाले ड्रोन उडवतात, 'निसर्गाच्या कुशीत'. पाण्याचंही तेच, शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, पाईपलाईन मुंबईकडे जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. डाव्या पडद्यावरचा नळ आणि उजव्या पडद्यावरचा हंडा यात फरक दाखवू नका, पाईप दाखवा! त्या दोन पडद्यांच्या मधली जी काळी पट्टी असते ना, भिंतीची, खरं काम तिथे आहे.

आपल्या शाहिरांना हे सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले, आणि त्यांच्या प्रसिद्ध छक्कडीतली मैना गावावर राहिलेली, धनी मुंबईत. त्यात गावाचंही वर्णन आहे आणि मुंबईचंही, पण ते तुलनेसाठी नाही, ते एका माणसाचे दोन तुकडे आहेत, आणि पुढे ती मैना महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख होते. दोन चॅनेलचं काम, प्रोजेक्टरशिवाय.

आणि एक सूर असतो, सभ्य लोक तो जाहीरपणे लावत नाहीत, चहाच्या टेबलावर लावतात: गावातल्या लोकांना हे असलं कळणार आहे का? अहो, मुंबईत टीव्ही आला १९७२ ला. आणि १९७५-७६ मध्ये 'साईट' (SITE) नावाच्या सरकारी प्रयोगात सहा राज्यांतल्या जवळजवळ २४०० गावांत उपग्रहावरून थेट टीव्ही लागला होता, कित्येक शहरांनी तोपर्यंत टीव्हीचं तोंड बघितलं नव्हतं. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात पीज गावाच्या ट्रान्समीटरवरून तिथल्या चरोतरी बोलीत, तिथल्याच लोकांना घेऊन केलेले कार्यक्रम लागायचे, मजुरी, हुंडा, सावकारी, सगळं. हलतं चित्र गावाला परकं होतं हा शहराने स्वतःचा करून घेतलेला समज आहे. कंवरांनी २०१२ मध्ये आपलं काम जर्मनीत डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात लावलं तसं भुवनेश्वरलाही कायमचं मांडलं, ज्यांच्या जमिनीचं आहे त्यांना बघता यावं म्हणून. कलाकार नवज्योत अल्ताफ १९९७ पासून बस्तरमध्ये कोंडागावला राजकुमार कोर्राम, शांतीबाई यांच्यासारख्या तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर काम करतायत, व्हिडिओ तर केलेच, पण त्याबरोबर सगळ्यांनी मिळून हापशाभोवतीची जागा बांधली, पाणी भरताना बाईच्या कमरेला आणि हंड्याला आधार मिळेल अशी. पाण्यावर व्हिडिओ करणाऱ्याने आधी हंडा उचलून बघावा, इतकं साधं आहे ते.

यातला सगळ्यात अवघड माणूस मला वाटतो प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती, घरची माणसं पिढ्यान्पिढ्या कोळशाच्या खाणीत. हा कोळशानेच भिंतीवर चित्रं काढतो आणि त्यावर ॲनिमेशन सोडतो, माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी अवजारं, पाय मातीत रुतलेले. आता सास्ती गाव म्हणायचं की शहर? शेत होतं तिथे खड्डा आहे, खड्ड्यात डंपर आहेत, शेतकऱ्याचा मुलगा शिफ्टला जातो, जत्रा पण भरते. दादर-बाभळ वाल्यांच्या दोन पडद्यांत हे कुठे लावणार? महाराष्ट्रातला अर्धा प्रदेश आज असाच आहे, एमआयडीसीला लागून, हायवेला लागून, प्लॉटिंगचे बोर्ड आणि मधे ज्वारी. त्याच्यावर कॅमेरा लावायचा तर हिरवं-करडं दोन्ही उपयोगाचं नाही, आणि म्हणूनच लावत नाहीत.

तर त्या दिवशी आम्ही बाहेर आलो. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर सिक्युरिटीवाला बसला होता. मामांनी सवयीने विचारलं, कुठलं गाव? आटपाडी म्हणाला. मग काय, सख्खे शेजारीच निघाले, डाळिंबाला काय रेट, टेंभू योजनेचं पाणी कुठपर्यंत आलं, मामा म्हणाले आमच्याकडं अजून नाय. मी विचारलं, आतलं बघितलंत का हो? म्हणाला, रोज आठ तास बघतोय, अकरा मिनिटं वीस सेकंदांनी बाई परत येती, पाठ करून सांगतो. बोलता बोलता त्याचा मोबाईल वाजला. स्क्रीनकडे बघून "थ्री फेज आली" म्हणाला, एक नंबर लावला आणि स्पीकर ऑन केला. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलली, "मोटर चालू झाली आहे." घरी आई एकटी, तिला विहिरीवर जायला नको, म्हणून स्टार्टरला सिमकार्ड बसवून घेतलंय, रोज इथूनच चालू-बंद करतो. मामा त्या फोनकडे बघत राहिले, आत दोन पडद्यांसमोर बसले होते त्यापेक्षा जास्त वेळ.

"कितीची हाय?"

"साडेसात एचपीची," तो म्हणाला, आणि आत वारा परत सुरू झाला.